बाराला एक

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आबा घरी आले. दवाखान्यातून निघताना वॉर्डातल्या बाकीच्या खाटांना उद्देशून त्यांनी भाषण सुरू केलं आणि नर्सने तोंडात थर्मामीटर ठेवून ते संपवलं. यावरून तब्येत कशी आहे ते ओळख. कमरेखाली मात्र काही नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पाय परत चालणार नाहीत. आबा म्हणाले, "तीस वर्षं व्यासपीठावरून ओरडतोय, हे सगळं एक दिवस कोसळणार. पहिला नंबर व्यासपीठाचाच लागेल हे कुणाला माहीत."

चाकांची खुर्ची आली आहे. हात तर आधीपासूनच दांडगे, छापखान्यात शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या उचलून कमावलेले. घरभर फिरतात. सगळ्या चौकटींचा रंग खरवडून काढलाय. पण पुढच्या दाराशी आले की थांबतात. आपल्या त्या तीन पायऱ्या तिथे आहेत.

परवा छापखान्यातले चौघे जण आले होते. मागच्या गल्लीच्या टोकाला युनियनच्या खोलीत बैठक होती. म्हणाले, "आबा, खुर्चीसकट उचलतो तुम्हाला, पाच मिनिटांचं काम." आबा एवढे लाल झाले की मी पाणी आणायला धावले. "उचलून नेतात ते सामान. सामानाचं भाषण कोण ऐकेल? मी माझ्या हातांनी जाईन आणि माझ्याच हातांनी परत चढून येईन. नाहीतर इथे बसेन." चौघे चहा न घेता गेले.

तेव्हापासून ते दारात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. मला बघवत नाही. गवंडी म्हणाला, फळी टाका. फळी टाकून रिकामी खुर्ची सोडून पाहिली. ती सुसाट जाऊन फाटकावर आपटली.

तू रस्ते आखतोस. मला सांग, किती लांब उतार बांधला तर आबा स्वतः उतरतील आणि स्वतः चढतील? दाराची जमीन अंगणापासून चोपन्न सेंटिमीटर उंच आहे. भिंतीपासून फाटक सात मीटर. मी आयुष्यभर कापड बेतलंय, तिरका काप मला कळतो. पण समजेल असं लिही.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

इथे फोन लागत नाही याचं आज वाईट वाटलं. सामानाची गाडी तुझं पत्र घेऊन आली तेव्हा मी खिंडीवर होतो. पत्र्याच्या खोलीत परतलो, तर उशीवर ठेवलेलं होतं. पहिल्यांदा वाचून हसलो, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

आता ऐक. चढ म्हणजे एवढंच: पुढे किती गेलो आणि त्यात वर किती चढलो, या दोघांचा भागाकार. खुर्चीतला माणूस आपल्या हातांनी चढणार असेल तर बाराला एक. बारा सेंटिमीटर पुढे, तेव्हा एक वर. त्याहून उभा उतार कागदावर छान दिसतो आणि माणसाला मागे ढकलतो.

भिंतीपासून जे अंतर जाशील त्याला क्ष म्हण, उंचीला य म्हण. दाराशी क्ष शून्य आणि य चोपन्न. हा झाला एक बिंदू. चढ आपल्याला माहीत आहे, आणि खाली जायचंय म्हणून तो ऋण. एक बिंदू आणि चढ हातात आले की रेषा पक्की होते, दुसरी कुठली रेषा तिथून त्या चढाने जाऊच शकत नाही:

य = ५४ − क्ष/१२

गवंड्याला अंदाजाने काही करू देऊ नकोस. भिंतीपासून दोनशे चाळीसवर उंची किती हवी? क्षच्या जागी २४० घाल, चोपन्नातून वीस गेले, चौतीस. अशा जागोजागी खुणा करून दे. उतार कुठे संपेल ते हवं तर य शून्य धर. क्ष येतो सहाशे अठ्ठेचाळीस. म्हणजे साडेसहा मीटर. फाटकाच्या आत मावतो. आबांना सांग, मुलाने रस्ता आखलाय.

माझी खोली आहे तशीच आहे ना? खाट खिडकीशीच असू दे. इथे संध्याकाळी वारा सुटला की पत्रे वाजतात, आणि मी डोळे मिटून ती मागची गल्ली ऐकायचा प्रयत्न करतो. न्हाणीचा नळ, सायकलची घंटा. नाही ऐकू येत.

काम उन्हाळ्याअखेर संपेल असं सगळे म्हणतात.

धाकटा


८ मार्च

धाकट्या,

तुझा रस्ता हवेत संपला.

गवंड्याने तू सांगितल्याप्रमाणे अंतर मोजून खुंटी ठोकली. मग पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली, एक टोक दाराशी, एक खुंटीशी. दोन्हीकडे पाणी एका पातळीवर येतं, त्यावरून त्याने दारापेक्षा बरोबर चोपन्न खाली खूण केली. ती जमिनीवर यायला हवी होती ना? वीतभराहून जास्त वर आली. दोरी बांधली तर खालून मांजर गेलं. खरंच गेलं, शेजारचं.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. घरात येऊन तुझं समीकरण तीनदा मांडलं. आकडे बरोबर आहेत. मग कळलं. तू अंगण सपाट धरलंस. अरे, आपलं अंगण कधी सपाट होतं? तुझा तो लाकडी ट्रक सोडला की फाटकापर्यंत आपोआप जायचा, आणि तुला वाटायचं त्याला इंजिन आहे. मी सांगितलं जमीन उतरती आहे, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास.

ही चेष्टा झाली. खरी गोष्ट वेगळी आहे. आबांनी सकाळपासून कोरा सदरा घातला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की रविवारी मी युनियनच्या खोलीत येतोय. दोरी लोंबकळताना त्यांनी पाहिली. सदरा काढून घडी घालून माझ्याकडे दिला. त्या दिवसापासून ते दारात बसत नाहीत. आत भिंतीकडे तोंड करून असतात. वर्तमानपत्र वाचतात आणि त्यातल्या एकाही बातमीवर चिडत नाहीत.

आबा चिडत नाहीत, धाकट्या. मला दुसरी कसलीच भीती वाटत नाही एवढी याची वाटते.

ताई


२४ मार्च

ताई,

मी रोज डोंगराचे उतार मोजतो. पावलापावलाला दुर्बीण लावतो, कुठलीही जमीन सपाट आहे असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढतो. आणि घराचं चित्र काढताना माझ्या हाताने खाली एक आडवी रेघ ओढली आणि मोकळा झाला. इतकी वर्षं लांब राहून घर असंच आठवत असावं, सपाट.

आता दोन रेषा धर. एक उताराची, ती आहेच. दुसरी जमिनीची, ती आपल्याला शोधायचीय. तिचा चढ ठाऊक नाही, पण दोन बिंदू मिळाले की चढही मिळतो. भिंतीला लागून जमीन: क्ष शून्य, य शून्य. हा एक. मग नळी घेऊन लांब जा, तिथली जमीन किती खाली ते मोज. हा दुसरा. उंचीतला फरक भागिले अंतरातला फरक, झाला चढ. दोन्ही रेषांचा य जिथे सारखा होतो, तिथे उतार जमिनीला टेकतो.

एका बाजूने थांबू नकोस. घराच्या चारी बाजूंनी मोज. पुढे जागा कमी पडली तर उतार वळवता येतो.

आबांना सांग, पहिला रस्ता चुकला म्हणून कुणी गाव सोडत नाही. नको, हे सांगू नकोस. ते म्हणतील, वाक्य चांगलं आहे, उतार कुठे आहे.

खोलीची खिडकी अधूनमधून उघडत जा. बंद खोली ओल धरते.

धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

मोजलं. आधी पुढची बाजू. भिंतीपासून सहाशेवर जमीन पंचवीस खाली. चढ मी स्वतः काढला: उणे पंचवीस भागिले सहाशे, म्हणजे उणे एक चोविसांश. मग दोन्ही सारखे धरले:

५४ − क्ष/१२ = −क्ष/२४

उत्तर आलं बाराशे शहाण्णव. जवळजवळ तेरा मीटर. फाटक सातवर, पुढे रस्ता, आणि तेरावर समोरच्या न्हाव्याचं दुकान. म्हणजे आबा दारातून सुटले की थेट न्हाव्याच्या खुर्चीपुढे. मी हे आबांना सांगितलं. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "दाढी रोज होईल."

वळवायचं म्हणतोस, पण अंगण म्हणजे बोळ आहे. खुर्ची तिथे वळत नाही, मी ओढून पाहिली.

तीन बाजूंना काही जमत नाही. पण एका बाजूला जमीन घरापासून लांब जाताना वर चढते. भिंतीशी ती दाराच्या जमिनीपेक्षा चोपन्नच खाली आहे, पण चारशे ऐंशीवर ती भिंतीजवळच्या जमिनीपेक्षा वीस वर. तिथे दार नाही, भिंत फोडावी लागेल. ते माझं मी बघते. तू फक्त उतार कुठे टेकेल ते काढ. मी काढलंय, पण माझ्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

खिडकी उघडते. गादी दर रविवारी उन्हात टाकते. काळजी करू नकोस.

ताई


२७ एप्रिल

ताई,

विश्वास ठेव. जमिनीचा चढ वीस भागिले चारशे ऐंशी, अधिक एक चोविसांश. मग:

५४ − क्ष/१२ = क्ष/२४

क्षचे तुकडे एका बाजूला आण. एक बारांश आणि एक चोविसांश मिळून एक अष्टमांश. क्ष येतो चारशे बत्तीस. तेरा मीटरचे सव्वाचार झाले. पुढच्या बाजूला उतार खाली जात होता आणि जमीन त्याच्यापुढे पळत होती. इकडे जमीन समोरून भेटायला येते आहे. अठरा सेंटिमीटर उंचीवर दोघी भेटतात आणि तिथून पुढे नुसती साधी वाट.

मी कागद घेऊन बाहेर धावलो. इथल्या स्वयंपाक्याला दाखवला. तो म्हणाला, साहेब, पगार वाढला का?

आता उशीर कसला? भिंत फोड. ही स्वयंपाकघराचीच भिंत असणार, दुसरी कुठली? ओटा दोन हात सरकव, भांडी मांडणीवर चढव. आबा छापखान्यापुढच्या गेटसभेत काय सांगायचे आठवतंय ना? माणूस आत कुढत असेल आणि भिंत मध्ये असेल, तर भिंतीची बाजू घेणारा प्रत्येक जण तिची एकेक वीट आहे. मी लहान होतो, मला वाटायचं ते खरंच विटांबद्दल बोलतायत. आता मलाही तसंच वाटतंय. घण आण आणि फोड. माझं नाव सांग, म्हणावं मुलाने सांगितलंय.

धाकटा


१४ मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गवंड्याला बोलावणार होते आणि बोलावलं नाही. नंतर बोलावलं. काय झालं ते सांगते.

स्वयंपाकघराच्या मागे आता पाण्याची टाकी आहे. तू गेल्यानंतर बांधली. मागच्या गल्लीकडे उघडणारी एकच भिंत उरते. ती तुझ्या खोलीची आहे. चारशे बत्तीस हे तुझ्या खाटेच्या उशापासून मोजायचं. खिडकी काढून तिथे दार करायचं, खाट बाहेर काढायची, आणि खोलीच्या मधून खुर्चीची वाट सोडायची. ती दहा बाय आठची खोली. वाट सोडली की खोली राहत नाही.

तुला आधी सांगितलं नाही कारण तू दर पत्रात त्या खोलीबद्दल विचारतोस. मला वाटलं, आधी आकडा येऊ दे. आकडा नसता आला तर सांगायची वेळच आली नसती.

गवंडी छिन्नी घेऊन आला. आबांनी खुर्ची फिरवली आणि खोलीच्या दारात आडवी लावली. "या खोलीला हात लावायचा नाही." मी म्हटलं, आबा, तुम्हाला बाहेर पडायचंय ना? "पडायचंय. पण तो उन्हाळ्याअखेर येतोय. बापाने पोराच्या खोलीतून रस्ता काढला आणि पोराला पथारी टाकायला जागा ठेवली नाही, असं व्हायचं नाही. मी आत बसेन. त्याला घर असलं पाहिजे." गवंड्याने माझ्याकडे बघितलं, मी गवंड्याकडे. तो छिन्नी पिशवीत टाकून गेला.

मी त्यांना हट्टी म्हणाले. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांना घरं मिळावीत म्हणून भांडलो. स्वतःच्या मुलाचं काढून घेऊ?"

 यावर तुला बोलता येत असेल तर बघ. तू ये आणि समोर बसून त्यांना सांग. दोन दिवस का होईना. उन्हाळा संपतच आला.

ताई


९ जून

धाकट्या,

सामानाची गाडी चुकली की तू?

छापखाना बंद करायची नोटीस लागली. मागच्या गल्लीत रोज माणसं जमतात. आबा आता दिवसभर तुझ्या खोलीत, खिडकीशी असतात. तिथून युनियनच्या खोलीचं दार दिसत नाही, नुसते आवाज येतात. कुणीतरी नवीन मुलगा भाषण करतो. आबा खिडकीतून त्याची वाक्यं दुरुस्त करत असतात, हळू आवाजात. त्याला ऐकू जात नाहीत.

एक ओळ तरी लिही.

ताई


२० जून

आबा,

हे पत्र ताईला दाखवू नका असं लिहिणार होतो. पण तुम्ही मनात वाचूच शकत नाही, तेव्हा ती ऐकतेच आहे असं धरून लिहितो.

मी उन्हाळ्याअखेर येणार नाही. हा रस्ता संपतोय हे खरं आहे. खिंडीच्या पलीकडे दुसरा सुरू होतोय, आणि मी गेल्या हिवाळ्यातच त्याला होकार दिलाय. तीन वर्षं, कदाचित जास्त. कुणी सक्ती केली नाही. पलीकडच्या माणसांना आजारी माणूस खाली न्यायचा तर पाठीवर न्यावा लागतो, हे मी पाहिलं आणि हो म्हणालो. मला हे काम आवडतं, आबा. यासाठी माफी मागणार नाही, तुम्हालाही ती आवडणार नाही.

पण मग दर पत्रात खोलीबद्दल का विचारत होतो? याचं उत्तर शोधण्यात हे सगळे दिवस गेले. मी येणार नाही हे मला माहीत होतं, पण खोली आहे तशी असेपर्यंत मी गेलेलोही नव्हतो. खाट खिडकीशी, गादी उन्हात, म्हणजे मी जरा बाहेर गेलोय, येईन. इतक्यासाठी मी एक खोली अडवून धरली. माझ्या आठवणीसाठी. आणि तुम्ही तिच्या दारात खुर्ची आडवी लावून तिची राखण करताय.

तुम्ही गेटवर सांगायचात, रिकामं घर आणि उघड्यावरचा माणूस समोरासमोर असतील तर कुलूप लावणाऱ्याला जाब विचारा. विचारा मला जाब. ती खोली रिकामी आहे. कुलूप माझं आहे.

मला घराची ओढ लागते. रोज लागते, जेवताना लागते, दुर्बिणीतून बघताना मध्येच लागते. खोली राखून ती कमी झाली नाही. म्हणून ती फोडल्याने वाढेल असंही मानायचं कारण नाही.

सव्वाचार मीटर, आबा. बाराला एक. तुमच्या हातांना जमेल असा उतार मी काढलाय. एवढं एक काम माझं घरात होऊ द्या.

तुमचा
धाकटा


७ जुलै

धाकट्या,

आबांनी पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या परिच्छेदाला आवाज खाली आला. पुढचं मनात वाचलं. तुझा अंदाज तेवढा चुकला. मग कागद मला दिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मीही रागावले आहे, आधी ते सांगते. तुला तिकडे राहायचं होतं तर राहा. पण मला सांगायचं होतंस. हिवाळ्यापासून दर रविवारी मी ती गादी उचलून गच्चीवर नेतेय. माझी कंबर काय पोस्टात मिळते?

तिसऱ्या दिवशी गवंडी कामाचं विचारायला आला, तर आबाच म्हणाले, "सुरुवात कुठून करतोस?" त्याने खिडकीखाली बोट दाखवलं. आबांनी त्याच्या हातून घण घेतला. खुर्चीतून घाव नीट बसत नव्हता, पहिले दोन खिडकीच्या चौकटीवर निसटले. तिसऱ्याने प्लास्टर उडालं. मग घण परत दिला आणि म्हणाले, "धूळ फार आहे," आणि बराच वेळ डोळे पुसत होते. धूळ खरंच फार होती.

तुझ्या खुणा मी स्वतः केल्या. भिंतीपासून एकशे वीसवर चव्वेचाळीस, दोनशे चाळीसवर चौतीस, तीनशे साठवर चोवीस. गवंड्याने त्या खुणांवरून दोरी ताणली आणि शेवटी ती टेकली, धाकट्या. अगदी जमिनीला लागून. मी बोटाने खालून चाचपून पाहिलं, बोट जात नव्हतं. मग तिथेच खाली बसले.

सिमेंट सुकू दिलं. वाळेपर्यंत आबांनी मला आणि गवंड्याला भंडावून सोडलं. परवा सकाळी म्हणाले, तू आत जा. मी आत गेले आणि शिलाईच्या टेबलाला धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण त्यांनी वळून बघितलं असतं तर मी त्यांच्याकडे बघताना दिसले असते. चाकं तळव्यांत घासत जाण्याचा आवाज आला. मग तो थांबला. मग पुन्हा लांब, गल्लीच्या फरशीवर. मग युनियनच्या खोलीकडून एकदम कालवा.

भाषण मला इथपर्यंत ऐकू आलं. नवीन मुलाची दोन वाक्यं आबांनी तिथेच सगळ्यांसमोर दुरुस्त केली. छापखाना वाचेल की नाही माहीत नाही. वाचणार नाही असं मला वाटतं. पण लोक दुपारपर्यंत हलले नाहीत.

परत येताना चौघे मागे मागे आले होते. आबांनी त्यांना उताराच्या पायथ्याशी थांबवलं. वर यायला वेळ लागला. मध्ये दोनदा थांबले, चाकं धरून, मान खाली. कुणी पुढे झालं नाही. दारात आले तेव्हा सदरा घामाने ओला, तळवे लाल, आणि मला म्हणाले, "तुझ्या भावाला लिही, बाराला एक म्हणजे थोडा जास्तच चढ आहे."

आता लिहिलं.

खाट माळ्यावर टाकली आहे. तुझे नकाशे गुंडाळून कपाटात. खोलीत आता काही नाही, नुसता इकडून तिकडे उजेड जातो. मला त्या बाजूने जायला अजून जमत नाही, मी स्वयंपाकघरातून वळसा घालते.

ताई


३० जुलै

ताई, आबा,

पत्र इथल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. स्वयंपाक्याने विचारलं, मग आता पगार वाढेल का? म्हटलं, नाही. तो म्हणाला, तरी बरं झालं.

उजेड इकडून तिकडे जातो, या वाक्याच्या पुढे मला वाचता आलं नाही.

पलीकडचा रस्ता सुरू व्हायच्या आधी थोडी रजा मिळते आहे. फार नाही. यावं असं मनात आहे. पण येऊन कुठे झोपू, हे काही डोळ्यांसमोर येत नाही. पाहुण्यासारखं पुढच्या खोलीत झोपणं जमेल असं वाटत नाही. तुम्हाला अडचण होणार असेल तर तसं मोकळेपणाने लिहा. मी समजून घेईन.

धाकटा


१२ ऑगस्ट

पोरा,

ताई लिहिणार होती. मी कागद काढून घेतला.

मी तुझ्यावर रागावलो होतो. थोडा अजून आहे. जिथे गरज आहे तिथे माणसाने जावं असं मीच जन्मभर ओरडून सांगितलं. हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. एकाने ऐकलं, तो माझाच निघाला. तक्रार कुणाकडे करू?

अडचण होत असेल तर लिहा, म्हणतोस. बापाला असं लिहितात? अडचण होते. अडचणच हवी आहे.

तुझ्या खोलीची आता वाट झाली आहे. वाटेतच अंथरूण घालू. मग माझी खुर्ची जाणार नाही. म्हणजे सकाळी मला बाहेर पडायचं असेल तर आधी तुला उठवावं लागेल. मी हाक मारीन. पहिल्या हाकेला तू कधी उठलेला नाहीस, तेव्हा दुसरी मारीन. दुसरीलाही उठला नाहीस तर खुर्ची तिथेच लावून बसेन.

तेवढा वेळ लोक बाहेर थांबतील.

आबा